'लीबन' चालवायचं कसं आणि म्हणायचं कुणाला?

प्रश्न असा आहे: "माझं लग्न एका जर्मन मुलाशी ठरलं आहे. जर्मन भाषेचा ए-१ चा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, वर्ग सुरू आहे. 'लीबन' म्हणजे प्रेम करणे, या क्रियापदाचं कोष्टक पाठ झालं, पण बोलायची वेळ आली की अडखळते. 'दिश्' म्हणायचं की 'दीर'? होणाऱ्या नवऱ्याला 'इश् लीबं दिश्', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', असं म्हणते, तर त्याच्या आईला आणि लहान भाचीलाही तेच म्हणायचं का? आणि 'मला तुमचं गाव आवडलं' यात 'लीबन' येतं का?"

गावापुरतं उत्तर 'नाही', भाचीसाठीही 'नाही', आणि सासूबाईंचं थोडं पुढे सांगते. पुण्यात मराठी मुलामुलींना जर्मन शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. 'लीबन'ची रूपं आपल्या मुलांना एका संध्याकाळीत येतात. अडचण येते ती दोन ठिकाणी: वाक्याची विभक्ती आणि शब्दाचं वजन. विभक्तीचा घोळ आपल्या मराठीतूनच येतो, म्हणून तो मराठीतूनच सोडवता येतो.

आधी उच्चाराबद्दल दोन शब्द, कारण खाली सगळी जर्मन वाक्यं मी देवनागरीत लिहिणार आहे. 'लीबं' मधला शेवटचा अनुस्वार नाकात म्हणायचा नाही. आपण बोलताना 'केलं', 'झाडं' म्हणतो तेव्हा शेवटी जो मोकळा 'अ' निघतो, तोच जर्मन शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'ई' (e) या रोमन अक्षराचा उच्चार आहे. मराठी माणसाला तो आयताच मिळालेला आहे. 'लीबे' म्हणून तो घालवू नका. 'इश्' मधला 'श्' हा खरा 'श' नाही. 'ह्या' हा शब्द कुजबुजत म्हणा, त्यातला 'ह्य' जिभेवर धरून ठेवा, आवाज तसाच सोडा. दिश्, मिश्, निश्त यांत हाच आहे. तो जमेपर्यंत 'श' चालतो, जर्मन माणसाला कळतं. आणि एक नियम इथेच लक्षात ठेवा: शब्दाच्या शेवटी किंवा 'स्ट', 'ट' यांच्या आधी 'ब' आला की त्याचा 'प' होतो. लिहायला 'बी' हेच अक्षर, म्हणायला 'प'. म्हणून 'लीबन', पण 'लीप्ट'.

आता रूपं. धातू 'लीब'. वर्तमानकाळ असा चालतो:

इश् लीबं (मी), दू लीप्स्ट (तू), एर किंवा झी लीप्ट (तो किंवा ती), वीर लीबन (आम्ही, आपण), ईर लीप्ट (तुम्ही सगळे), झी लीबन (ते, आणि आदरार्थी तुम्ही).

हे नियमित क्रियापद आहे. श्पीलन (खेळणे), कोखन (शिजवणे), वोनन (राहणे) यांना जे प्रत्यय लागतात तेच इथे लागतात. आतला स्वर कुठेही बदलत नाही. त्यामुळे कोष्टक आलं याचा अर्थ आणखी शेकडो क्रियापदं आली, असंच समजा.

दोन गोष्टी मात्र मराठी कानाला चकवतात. आपण 'मी प्रेम करतो', 'मी प्रेम करते' असं कर्त्याच्या लिंगाप्रमाणे म्हणतो. जर्मनमध्ये क्रियापदाला लिंग नाही. तो असो वा ती, 'लीप्ट' एकच. दुसरी गोष्ट 'तुम्ही'ची. आपलं 'तुम्ही' दोन कामं करतं, अनेकांना आणि आदरानं एकाला. जर्मन त्याचे दोन तुकडे करतं: ओळखीतल्या अनेकांना 'ईर', आणि आदरानं एकाला किंवा अनेकांना मोठ्या अक्षरानं लिहिलेलं 'झी'. पण हा आदर घराबाहेरचा आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी नाही. मराठी घरात अजूनही बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते, मुलं वडिलांना 'बाबा, तुम्ही' म्हणतात, आणि हीच सवय घेऊन आमच्या वर्गातल्या मुली नवऱ्याला 'झी' लावतात. जर्मन घरात नवरा-बायको, आई-वडील, आजी-आजोबा, सगळे 'दू'. नवऱ्याला 'इश् लीबं झी' म्हटलंत तर तो गोंधळेल. कानाला ते जुन्या नाटकातल्या संवादासारखं किंवा 'माझं तिच्यावर प्रेम आहे' असं लागतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: दिश् की दीर?

'इश् लीबं दिश्.' नेहमी 'दिश्', म्हणजे द्वितीया. 'दीर' ही चतुर्थी आहे. आपण चुकतो याचं कारण शाळेत पाठ केलेल्या विभक्तीच्या तक्त्यात आहे. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोन्ही ओळी सारख्याच! 'मी तुला पाहते' आणि 'मी तुला पुस्तक देते', दोन्हीकडे 'तुला'. जर्मनमध्ये पहिला 'तुला' म्हणजे 'दिश्' (इश् झेहं दिश्) आणि दुसरा 'तुला' म्हणजे 'दीर' (इश् गेबं दीर आइन बूख). मराठी डोक्यात हे दोन कप्पे आहेतच, फक्त त्यांना एकच झाकण आहे. वस्तू दिली, सांगितलं, मदत केली, की बहुधा चतुर्थी. पाहिलं, बोलावलं, प्रेम केलं, की द्वितीया. 'लीबन' ज्याच्यावर प्रेम आहे त्याला सरळ कर्म बनवतं. आपल्यासारखा 'वर' मध्ये घालत नाही, त्यामुळे 'तुझ्यावर' मधल्या 'वर'साठी जर्मन शब्द शोधत बसू नका.

द्वितीयेतली सर्वनामं पाठ करून टाका: मिश् (मला), दिश् (तुला), ईन (त्याला), झी (तिला), एस (नपुंसकलिंगी), उन्स (आम्हाला), ऑइश् (तुम्हा सगळ्यांना), झी (त्यांना, आदरार्थी तुम्हाला). वाक्यात: दू लीप्स्ट मिश्. एर लीप्ट झी. झी लीप्ट ईन. वीर लीबन ऑइश्.

तुम्ही एकट्याच अडखळता असं वाटून घेऊ नका. बर्लिनच्या बोलीत दिश् आणि दीर एकमेकांच्या जागी येतात, आणि तिथे एक जुनी चारोळीच प्रसिद्ध आहे: 'इक लीबं दीर, इक लीबं दिश्, वीट रिश्टिश इस, देट वेस इक निश्.' म्हणजे, मी दीर म्हणतो, दिश् म्हणतो, बरोबर काय ते मला ठाऊक नाही. परीक्षेत मात्र दिश्.

नामांच्या बाबतीत फक्त पुल्लिंगी एकवचनात बदल दिसतो: देर फाटर (वडील) कर्म झाले की देन फाटर. स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आणि अनेकवचनी नामांच्या आधीचा उपपद-शब्द प्रथमेत जसा असतो तसाच द्वितीयेत राहतो. यातून एक गंमतशीर अडचण उभी राहते. 'दी मुटर लीप्ट दी टोख्टर' म्हणजे आईचं मुलीवर प्रेम की मुलीचं आईवर? व्याकरणानं दोन्ही शक्य आहे. माणसं पहिलं नाम कर्ता धरून चालतात. पण 'देन फाटर लीप्ट दी टोख्टर' यात शंकाच नाही: 'देन' दिसला, म्हणजे वडील कर्म, प्रेम करणारी मुलगी, वाक्यात कुणीही आधी येवो. आपल्याला 'वर' आणि 'ला'मुळे शब्द कुठेही फिरवायची सवय आहे. जर्मनमध्येही फिरवता येतात, पण 'देन'सारखी खूण हाताशी असेल तेव्हाच निर्धास्तपणे फिरवा.

नकार कसा येतो, ते एका खऱ्या वाक्यातून बघा. गुस्टाव हाइनेमान हे १९६९ ते १९७४ पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष होते. तुमचं राष्ट्रावर प्रेम आहे ना, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांचं उत्तर जर्मनीत आजही सांगितलं जातं: 'इश् लीबं काइनं श्टाटन, इश् लीबं माइनं फ्राउ, फेर्टिश!' माझं कुठल्या राष्ट्रांवर प्रेम नाही, माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे, संपलं! या एका ओळीत 'लीबन'चं निम्मं व्याकरण आहे. नामाचा नकार 'काइन'नं (इथे अनेकवचनी 'काइनं'), 'माइनं फ्राउ' ही स्त्रीलिंगी द्वितीया, आणि क्रियापद दोन्हीकडे दुसऱ्या जागी. सर्वनाम असेल तेव्हा नकार 'निश्त'नं आणि शेवटी: 'इश् लीबं दिश् निश्त.' आणि पुढचं दुःखाचं वाक्य: 'इश् लीबं दिश् निश्त मेर', आता नाही राहिलं. या ओळीवरून शब्दाचं वजनही कळतं. राष्ट्रासाठी हे क्रियापद वापरायला तो माणूस तयार नव्हता.

भूतकाळ. आपल्याकडे भूतकाळ आला की वाक्याची मांडणीच बदलते: 'तो प्रेम करतो', पण 'त्यानं प्रेम केलं'. कर्त्याला 'नं' लागला आणि क्रियापद नपुंसकलिंगी 'प्रेम'कडे वळलं. जर्मनमध्ये असं काही घडत नाही. कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याच्याकडेच बघतं. बोलण्यातला भूतकाळ 'हाबन' घेऊन होतो आणि 'गेलीप्ट' हे रूप वाक्याच्या टोकाला जातं: 'एर हाट झी गेलीप्ट', त्याचं तिच्यावर प्रेम होतं. 'इश् हाबं दिश् गेलीप्ट' म्हणताना सांभाळा. कोष्टकात हे निरुपद्रवी दिसतं, पण जोडीदाराला म्हटलंत तर त्यात 'होतं, आता नाही' असा सूर येतो. प्रेम अजून आहे असं म्हणायचं तर जर्मन माणूस वर्तमानकाळ वापरतो आणि 'कधीपासून' ते 'झाइट' लावून सांगतो: 'इश् लीबं दिश् झाइट फ्युन्फ यारन', पाच वर्षांपासून माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे मराठीसारखंच झालं, इंग्रजीच्या वळणानं जाऊ नका.

लेखी, गोष्टीतल्या भूतकाळाची रूपं अशी: इश् लीप्टं, दू लीप्टस्ट, एर लीप्टं, वीर लीप्टन, ईर लीप्टट, झी लीप्टन. वाचताना ओळखू आली की पुरे. ए-१ ला बोलायला लागत नाहीत. दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडच्या बोलींत तर बोलताना असा साधा भूतकाळ जवळजवळ येतच नाही.

भविष्यकाळ 'वेर्दन' घेऊन: 'इश् वेर्दं दिश् इमर लीबन', मी कायम तुझ्यावर प्रेम करीन. आज्ञार्थ असतो, पण प्रेमाची आज्ञा कोण देतं? सोडून द्या.

गौण वाक्यात मराठी माणसाची चैन असते. 'कारण माझं तुझ्यावर प्रेम आहे' यात क्रियापद शेवटी. जर्मनमध्येही 'वाइल'नंतर ते शेवटी: 'वाइल इश् दिश् लीबं'. 'मला माहीत आहे, की तू माझ्यावर प्रेम करतोस': 'इश् वाइस, दास दू मिश् लीप्स्ट'. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्यांना जे महिनोन्महिने छळतं, ते आपल्या जिभेवर आधीच बसलेलं आहे. वर्गात मुलं इंग्रजीत विचार करून जर्मन बोलतात तेव्हा मला फार हळहळ वाटते. इथे सरळ मराठीतून जा.

आणखी एक गोष्ट इंग्रजीपेक्षा मराठीतून पटकन कळते: 'दोख' हा छोटा शब्द. आपला 'की', 'ना', 'च' जे करतो तेच तो करतो. 'इश् लीबं दिश् दोख', अरे, माझं प्रेम आहे की तुझ्यावर! समोरचा शंका घेतोय असं वाटलं की तो येतो. जर्मन इतिहासातलं एक गाजलेलं 'लीबन' असंच 'दोख' घेऊन आलं. १३ नोव्हेंबर १९८९, बर्लिनची भिंत उघडून चारच दिवस झालेले. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे, श्टाझीचे, मंत्री एरिश मील्कं संसदेत बोलायला उभे राहिले. सदस्यांनी त्यांना टोकलं, तेव्हा ते म्हणाले: 'इश् लीबं दोख अलं, अलं मेन्शन', माझं सगळ्यांवर प्रेम आहे की, सगळ्या माणसांवर. सभागृहात हशा उसळला. आयुष्यभर लोकांवर पाळत ठेवणाऱ्याच्या तोंडी हे क्रियापद लोकांना सहन झालं नाही. लोक पुढे त्यात 'ऑइश्' घालून 'इश् लीबं ऑइश् दोख अलं' असं ते वाक्य सांगू लागले. मूळ तसं नव्हतं.

आता वजनाबद्दल, म्हणजे कुणाला काय म्हणायचं त्याबद्दल. यासाठी 'लीबन'च्या शेजारची तीन-चार क्रियापदं हवीत. माझं सांगणं असं की ए-१ च्या विद्यार्थ्यानं 'लीबन' कमी आणि हीच जास्त वापरावीत.

पहिलं आणि आपलं सगळ्यात जवळचं: 'गेफालन'. मराठीत आपण 'मी आवडतो' असं करत नाही, 'मला आवडतं' म्हणतो. ज्याला आवडतं तो चतुर्थीत, जे आवडतं ते कर्ता. 'गेफालन' अगदी असंच चालतं. 'दास गेफेल्ट मीर', मला ते आवडतं. डोंगर अनेक असले तर मराठीत 'मला डोंगर आवडतात', जर्मनमध्ये 'दी बेर्गं गेफालन मीर'. 'मला तू आवडतोस' मध्ये क्रियापद 'तू'प्रमाणे बदलतं, आणि 'दू गेफेल्स्ट मीर' मध्येही तसंच. इतकी तंतोतंत जुळणी पाहिली की मला दरवर्षी नव्यानं आनंद होतो. फेसबुकवरचं आवडल्याचं बटण जर्मनमध्ये 'गेफेल्ट मीर' असं लिहिलेलं असतं. मीर आहे, मिश् नाही, हे तिथे रोज डोळ्यांना दिसेल. तर तुमचं गावाचं वाक्य: 'ऑइर दोर्फ हाट मीर गेफालन', तुमचं गाव मला आवडलं. 'ऑइर' म्हणजे तुम्हा सगळ्यांचं. पाहून, ऐकून जे मनाला भावतं त्यासाठी हे क्रियापद. माणसाला 'दू गेफेल्स्ट मीर' म्हटलं तर त्यात रूपाचं आकर्षण येतं, म्हणून नवऱ्याच्या भावाला ते म्हणू नका.

जेवणासाठी वेगळं: 'श्मेकन'. समोरच्या ताटातल्या पदार्थाला 'एस श्मेक्ट मीर', छान लागतंय. मांडणी पुन्हा आपलीच, चतुर्थीची.

दुसरं 'म्योगन'. 'म्यो' म्हणताना जीभ 'ए'ची आणि ओठ 'ओ'चे. हे अनियमित आहे: इश् माक, दू माक्स्ट, एर माक, वीर म्योगन, ईर म्योक्ट, झी म्योगन. 'मी' आणि 'तो' यांची रूपं सारखी आणि प्रत्ययाविना, हे विशेष. माणूस, पदार्थ, ऋतू, शहर, काहीही आवडण्यासाठी हे चालतं आणि कर्म द्वितीयेत: 'इश् माक दिश्', मला तू आवडतोस. मैत्रीत, ओळखीत हे सुरक्षित आहे. याचा भूतकाळ 'मोख्टं' आणि विनंतीचं रूप 'म्योश्टं' यांत लिहिताना फरक फक्त दोन टिंबांचा. 'इश् म्योश्टं त्स्वाई ब्र्योटशन', मला दोन पाव द्या, हे बेकरीत. 'इश् मोख्टं ब्र्योटशन', मला पाव आवडायचे, हे ऐकून दुकानदारीण पुढच्या वाक्याची वाट बघत राहील.

बायर्नमध्ये, म्हणजे म्युन्शनच्या (म्युनिकच्या) भागात, बोलीत 'इ मोग दि' म्हणतात. ते 'इश् माक दिश्'च आहे, पण तिथे त्याचं वजन 'लीबन'इतकं वर जाऊ शकतं. ऑक्टोबरफेस्टच्या जत्रेत गळ्यात घालायची मसालेदार केकची मोठी हृदयं मिळतात, त्यांवर साखरेच्या पाकानं 'इश् लीबं दिश्' जसं लिहिलेलं असतं तसंच 'इ मोग दि'ही असतं. तुमचा होणारा नवरा तिकडचा असेल तर त्याच्या 'मोग'ला कमी समजू नका.

तिसरं, घरातलं: 'लीप हाबन'. 'इश् हाप दिश् लीप.' 'लीप' हे विशेषण, गोड, लाडकं. 'हाबन' चालवायचं, 'लीप' शेवटी जाणार. आई मुलाला, मूल आजीला, बहीण भावाला, जिवलग मैत्रिणी एकमेकींना हेच म्हणतात. तुमच्या भाचीसाठी हे वाक्य. तिचा मोबाइलवर निरोप आला आणि त्यात 'एच डी एल' ही तीन अक्षरं दिसली तर ती 'हाप दिश् लीप'ची आहेत. 'एच डी जी डी एल' असेल तर मध्ये 'गांत्स दोल' वाढलं, म्हणजे खूप खूप. जोडप्यातही हे चालतं, पण नात्याच्या सुरुवातीला एकानं 'इश् लीबं दिश्' म्हटलं आणि दुसऱ्यानं उत्तरादाखल 'इश् हाप दिश् लीप' म्हटलं, तर पहिल्याचं तोंड उतरतं. उत्तर द्यायचं तर 'इश् दिश् आउख', माझंही तुझ्यावर. नुसतं 'इश् आउख' अर्धवट वाटतं, 'दिश्' गाळू नका.

कृती आवडत असेल तर क्रियापदाला 'गेर्न' जोडायचं: 'इश् कोखं गेर्न', मला स्वयंपाक करायला आवडतं. त्याहून जास्त म्हणजे 'लीबर', सगळ्यात जास्त 'आम लीप्स्टन'. 'लीबन' कृतीला लावायचंच असेल तर मध्ये 'एस' हवं: 'इश् लीबं एस त्सू कोखन'. आणि कुणी घरी बोलावलं तर 'मला यायला फार आवडेल' साठी 'इश् व्युर्दं झेर गेर्न कोमन'. तिथे 'लीबन' घातलं की ते इंग्रजीचं उष्टं वाटतं. वस्तूंसाठी 'लीबन' वापरायची चाल आता बरीच वाढली आहे, तरुण मुली एकमेकींच्या कपड्यांनाही ते लावतात. मॅकडोनाल्ड्सनं सप्टेंबर २००३ मध्ये आपली जगभरची नवी जाहिरात म्युन्शनमधून सुरू केली तीच 'इश् लीबं एस' या शब्दांनी. ऐकलंत तर चूक समजू नका. स्वतः मात्र जपून वापरा.

'गेर्न'चा एक सापळा. 'इश् हाबं दिश् गेर्न' हे प्रेमळ वाक्य आहे. पण 'दू कान्स्ट मिश् गेर्न हाबन' याचा शब्दशः अर्थ लावू नका. त्याचा खरा अर्थ 'जा उडत' असा आहे.

प्रेमात पडणं म्हणजे 'झिश् फेरलीबन'. इथे आपलं 'प्रेमात' मधलं 'त' कामाला येतं, कारण जर्मनमध्येही 'इन' आहे, फक्त प्रेमात नाही, थेट माणसात: 'इश् हाबं मिश् इन दिश् फेरलीप्ट', मी तुझ्या प्रेमात पडले. 'इन'नंतर 'दिश्', कारण इथे स्थिती नाही, तिकडे जाणं आहे. पडून झालं आणि आता त्याच अवस्थेत आहे, तर 'इश् बिन इन दिश् फेरलीप्ट'. भूतकाळाच्या रूपाला 'गे' लागत नाही. मुलांच्या खेळगाण्यातला क्रम पाठ करा: फेरलीप्ट, फेरलोप्ट, फेरहाइरातट; प्रेमात पडले, साखरपुडा झाला, लग्न झालं. तुम्ही सध्या मधल्या शब्दावर आहात, तेव्हा त्याची ओळख करून देताना 'माइन फेरलोप्टर' म्हणा. 'माइन गेलीप्टर' अजिबात नको. तो शब्द 'गेलीप्ट'पासूनच झाला असला तरी बोलण्यात त्याचा अर्थ बहुधा लग्नाबाहेरचा प्रियकर असा होतो. 'माइन फ्रॉइंट' म्हणजे प्रियकर. नुसता मित्र असेल तर 'आइन फ्रॉइंट फॉन मीर'.

'वीर लीबन उन्स' म्हणजे आमचं एकमेकांवर प्रेम आहे. जर्मन म्हण आहे, 'वास झिश् लीप्ट, दास नेक्ट झिश्', ज्यांचं प्रेम असतं ते एकमेकांना चिडवतात. सासरची माणसं तुमची थट्टा करू लागली की ही म्हण कुणीतरी म्हणेलच.

राहिल्या सासूबाई. त्यांना 'इश् लीबं दिश्' म्हणू नका, निदान पहिली काही वर्षं नाही. त्या 'दू' म्हणायला सांगेपर्यंत 'झी' आणि आडनाव. हा प्रस्ताव मोठ्या माणसाकडून यायची रीत आहे, आणि आजकाल तो बहुधा पहिल्याच भेटीत येतो. मग मात्र नावानं हाक मारायची. आपल्याला सासूला नावानं हाक मारणं जड जातं, पण त्यांच्याकडे सासूसाठी नात्याचा शब्द आहे तो दुसऱ्याला सांगण्यापुरता, हाकेचा नाही. घरी राहून परत आलात की त्यांना दोन ओळी लिहा. सुरुवात 'लीबं' आणि पुढे त्यांचं नाव; घाबरू नका, हे 'प्रिय' आहे, विशेषण आहे, ओळखीतल्या पत्रात सर्रास असतं. पुढे: 'एस हाट मीर बाइ ऑइश् झेर गेफालन', तुमच्याकडे मला फार आवडलं. मग 'दास वार झो लीप फॉन दीर', किती प्रेमानं केलंत सगळं. इथे 'फॉन'मुळे 'दीर' आलं. वर्ष-दोन वर्षांनी, आजारपणात किंवा एखाद्या सणाच्या रात्री, 'इश् हाप दिश् लीप' तुमच्या तोंडून आपोआप येईल, आणि त्यांना ते चालेल.